माझा लाईनबॅकर

माणसं जोखणं हा माझा धंदा आहे, असं मी चारचौघांत सांगतो. प्रत्यक्षात मी पिट्सबर्गच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरवाल्यांच्या टोळीचा मुकादम आहे आणि दर डिसेंबरात हाताखालच्या मंडळींची अप्रेझल्स लिहितो. डाव्या रकान्यात जमेच्या बाजू, उजव्या रकान्यात उण्या. या कामात माझा हात इतका बसलाय की माणूस डोळ्यांसमोर असण्याची गरज उरलेली नाही. नवा असेल तर ‘शिकण्याची तयारी दांडगी’. जुना असेल तर ‘अनुभवाचा लाभ इतरांना मिळावा’. आणि ज्याचा चेहराच आठवत नाही त्याच्यासाठी ‘संवाद वाढवायला वाव आहे’. आजवर एकाही माणसानं तक्रार केलेली नाही. बहुधा कुणी वाचतच नसावं.

या लौकिकापायीच मी अडकलो. आमच्या जेवणाच्या टेबलावर दर उन्हाळ्यात एक पैज लागते. इथला फुटबॉलचा संघ म्हणजे स्टीलर्स. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, खांद्यावर चिलखत चढवून माणसं एकमेकांवर आदळतात, तो.) जुलैच्या अखेरीला त्यांचं सराव शिबिर सुरू होतं. शिबिरात ९० खेळाडू असतात. ऑगस्ट संपता संपता त्यांतले ५३ ठेवायचे आणि बाकीच्या ३७ जणांच्या हातात नारळ द्यायचा, हा लीगमधल्या सगळ्या ३२ संघांचा रिवाज. आमच्या टेबलावरचा प्रत्येक जण एका होतकरू पोराची चिठ्ठी उचलतो, त्याच्यावर पानभर अहवाल लिहितो आणि खाली एकच शब्द घालतो: राहील, किंवा जाईल. ज्यांचं चुकेल त्यांनी बाकीच्यांना सँडविच खिलवायचं. आणि इथलं सँडविच म्हणजे किरकोळ काम नव्हे. फ्रेंच फ्राईज आणि कोबीची कोशिंबीर शेजारी वाढायची सोडून पावाच्या आतच कोंबलेली असते. एक खाल्लं की दुपारच्या मीटिंगमध्ये माणूस कुणालाही ‘हो’ म्हणतो.

“तू तर दरवर्षी एवढ्यांचं लिहितोस, हा एक जड आहे का?” असं म्हणून त्यांनी चिठ्ठ्यांचा वाडगा माझ्यापुढे सरकवला. मी उचलली. लाईनबॅकर निघाला. त्याचं नाव इथे देत नाही. एक तर पुढे जे घडलं त्यात त्या बिचाऱ्याचा काडीचा दोष नाही, आणि दुसरं म्हणजे तो १०९ किलोचा आहे.

या गावात उभा संसार केला, मुलगी जन्मली तेव्हा शेजाऱ्यांनी दुपट्याऐवजी संघाचा पिवळा टॉवेल आणून दिला, तरी लाईनबॅकर नेमकं काय करतो हे मला ठाऊक नव्हतं. टेबलावर हे कबूल करणं शक्य नव्हतं. घरी येऊन मुलीला विचारलं. ती शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते, त्यामुळे दर शुक्रवारी रात्री सक्तीने मॅच बघते. तिनं जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरपूडच्या बाटल्या मांडून शिकवणी घेतली. बचाव करणाऱ्या ११ जणांत सगळ्यात पुढे तीन-चार धिप्पाड गडी जमिनीला हात टेकून बसतात. सगळ्यात मागे चपळ पोरं. आणि मधल्या पट्ट्यात उभे असतात ते लाईनबॅकर. कुणी चेंडू घेऊन अंगावर पळत आला तर त्याला आडवा करायचा, पास फेकला तर उलट मागे पळायचं, आणि मधूनच सगळं सोडून थेट पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर झडप घालायची. या तिन्हींतलं आत्ता काय करायचं, हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं. कबड्डी खेळलेल्याला पटकन कळेल: समोरचा पाय टाकतोय की हूल देतोय, हे ओळखल्याशिवाय झेप घ्यायची नाही. फक्त इथे चढाईला एकाच वेळी अकराच्या अकरा जण येतात.

“बाबा, तुझा माईक आहे, विल आहे की सॅम?” तिनं विचारलं.

मी चिठ्ठी पुन्हा उघडून पाहिली. तिघांपैकी कुठलंच नाव नव्हतं. मग कळलं की मधल्या लाईनबॅकरला माईक म्हणतात, समोरच्यांची गर्दी ज्या बाजूला जास्त त्या बाजूच्याला सॅम आणि उरलेल्याला विल. आईबापांनी नाव काहीही ठेवलेलं असो. बहुधा या माईकच्याच हेल्मेटवर मागे एक हिरवा ठिपका असतो. म्हणजे आत स्पीकर आहे. मैदानाबाहेरून प्रशिक्षक त्याच्या कानात डाव सांगतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. पुढचं ज्याचं त्यानं निस्तरायचं. आमच्या साहेबांच्या फोनला ही सोय का नाही, हा विचार मला त्या रात्री बराच वेळ झोप येऊ देईना.

दुसऱ्या दिवशी आकडे गोळा केले. आकड्यांची या लोकांना भारी हौस. कॉलेज संपवून आलेल्या निवडक पोरांना दरवर्षी वसंताच्या तोंडावर इंडियानापोलिसला बोलावतात आणि तिथे त्यांची अशी मोजदाद होते की शिंप्यानेही लाजावं. हात किती लांब, तेही इंचाच्या आठव्या भागापर्यंत. पंजा पसरला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत किती भरतो. ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, किती सेकंदांत पळतो. १०२ किलोची दांडी छातीवरून किती वेळा वर ढकलतो. माझ्या पोराला तिथलं आमंत्रण नव्हतं, त्याची मापं कॉलेजच्या मैदानावरच घेतलेली. त्यात पहिलाच आकडा होता ६०२१. मी तो अहवालात ‘कर्मचारी क्रमांक’ म्हणून नोंदवला. मुलीनं खोडला. ती त्याची उंची होती: सहा फूट, दोन इंच आणि वर एकअष्टमांश.

एकअष्टमांश इंचापर्यंत जिथे हिशेब चालतो तिथे माझ्यासारख्याचं काय काम, असं वाटून मी जरा खचलो. पण आमचा शेजारी म्हणाला, “ते आकडे टोपलीत टाक.” हा म्हातारा तरुणपणी होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात होता. तो कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. त्या जागेवर आता दुकानं आणि सिनेमा थिएटर आहे, आणि तिथे काही विकत घ्यायला म्हातारा आजतागायत गेलेला नाही. स्टीलर्सचा विषय निघाला की मात्र तो कुंपणावरून निम्मा आमच्याकडे येतो.

त्यानं मला जॅक लँबर्टची गोष्ट सांगितली. दरवर्षी संघ कॉलेजातली पोरं फेरीफेरीनं, पाळीपाळीनं निवडतात, त्या निवडीत १९७४ मध्ये हा पोरगा दुसऱ्या फेरीत, ४६ व्या क्रमांकावर स्टीलर्सकडे आला. उंच, पण लाईनबॅकरच्या मानाने काटकुळा. मधला लाईनबॅकर म्हणून हा टिकायचा कसा, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. त्यानं त्याच मोसमात जागा पटकावली, संघानं सहा वर्षांत लीगचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, चारदा जिंकला आणि लँबर्ट पुढे थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. त्याचा पुढचे दात नसलेला फोटो पाहून समोरच्या संघांची गाळण उडायची म्हणतात. ते दात गेले होते शाळेत, बास्केटबॉल खेळताना. भीती दाखवायला कारण खरं असावं लागत नाही, दात नसले की पुरे.

मग १९९६ ची निवड. बाल्टिमोरनं रे लुईसला घेतलं २६ व्या क्रमांकावर. त्याच वर्षी झॅक थॉमस नावाचा पाच फूट अकरा इंचांचा लाईनबॅकर, ‘बुटका’ म्हणून मागे पडत पडत पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकावर मायामीला मिळाला. दोघंही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मध्ये १२७ नावं होती. ती घेणाऱ्या प्रत्येकाकडे पट्टी होती, स्टॉपवॉच होतं आणि माझ्याहून जास्त पगार होता.

आणि जेम्स हॅरिसन. ही गोष्ट सांगताना म्हातारा कुंपण सोडून आतच आला. लँबर्टच्याच केंट स्टेट कॉलेजचा हा गडी. २००२ मध्ये ३२ संघांपैकी एकानंही सात फेऱ्यांत त्याला निवडलं नाही. स्टीलर्सनं फुकटात शिबिराला बोलावलं आणि काढून टाकलं. परत बोलावलं, परत काढलं. २००८ च्या मोसमात तोच लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्या मोसमाचा सुपर बोल १ फेब्रुवारी २००९ ला टँपामध्ये झाला. मध्यंतराला काही सेकंद उरलेले, ॲरिझोना अगदी गोल लाईनच्या तोंडाशी. हॅरिसनला हुकूम होता सरळ क्वार्टरबॅकवर तुटून पडायचा. त्यानं तसा आव आणला आणि ऐन वेळी मागे सरकला. पास नेमका त्याच्या हातात आला आणि तो १०० यार्ड पळत सुटला, थेट पलीकडच्या टोकापर्यंत. तिथे जो पडला तो उठेना. ऑक्सिजन लावावा लागला. सामना स्टीलर्सनं २७-२३ असा जिंकला.

माझ्यातला अप्रेझलवाला इथे पार गोंधळला. ‘दिलेल्या सूचना पाळत नाही’ हे मी आयुष्यभर उजव्या रकान्यात लिहीत आलोय.

“मग लाईनबॅकर ओळखायचा कशावरून?” मी विचारलं.

“डोळ्यांवरून. तो चेंडूकडे बघतो का, ते बघ. बघत असला तर गेला कामातून.”

मला ही थट्टा वाटली. चेंडूकडे नाही तर बघायचं कुठे? तर म्हणे गार्डकडे. चेंडू ज्याच्या हातून निघतो त्या सेंटरच्या दोन्ही बाजूंना जे दोन पहाड बसलेले असतात ते गार्ड. क्वार्टरबॅक खोटं बोलतो, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. चेंडू दिल्यासारखा करतो आणि पोटाशी लपवून मागे सरकतो, की चेंडूवर नजर ठेवणारा लाईनबॅकर पुढे धावतो आणि त्याच्या डोक्यावरून पास निघून जातो. गार्डला मात्र खोटं बोलणं अवघड. पास टाकायचा असेल तर चेंडू हातातून सुटेपर्यंत त्याला एका यार्डापलीकडे पुढे जायला नियमानंच बंदी आहे. त्यामुळे तो ताठ होतो, मागे रेलतो. पळायचा डाव असेल तर डोकं खाली घालून पुढे मुसंडी मारतो. आडवा पळाला तर समजायचं वरात तिकडे चाललीय, आपणही निघावं. आणि मुरलेला लाईनबॅकर डाव सुरू होण्याआधीच गार्डचा टेकलेला हात बघतो. अंगाचं वजन पुढे असेल तर बोटांची पेरं पांढरी पडतात.

हे म्हाताऱ्यानं तोंडी सांगून थांबावं ना! आमच्या दिवाणखान्यातलं टीपॉय त्यानं बाजूला सारलं आणि मला गार्ड केलं. मी गालिच्यावर वाकलो, उजवा हात टेकला, ढुंगण वर केलं. “वजन पुढे टाक,” तो म्हणाला. मी टाकलं. “आणखी.” आणखी टाकलं. पेरं खरोखरच पांढरी झाली, हे मी स्वतः पाहिलं, आणि ते पाहायला मान वाकवली तसा तोल जाऊन नाकावर आपटलो. नेमकी तेव्हाच बायको चहाचा ट्रे घेऊन आली.

“अहो, माझं कानातलं शोधताय का?” ती म्हणाली. “सोफ्याखालीही बघा.”

एवढी विद्या पदरी पडल्यावर मी थेट लॅट्रोबला जायचं ठरवलं. पिट्सबर्गपासून पूर्वेला तासाभराच्या रस्त्यावर हे छोटं गाव आहे. तिथे बेनेडिक्टाइन साधूंनी १८४६ मध्ये स्थापलेलं सेंट व्हिन्सेंट कॉलेज आहे आणि त्याच्या हिरवळीवर स्टीलर्स १९६० च्या दशकापासून सराव करत आलेत. टेकडीच्या उतारावर बसून लोक बघतात. मी शनिवारी सकाळी वही, दुर्बीण, थालीपिठं आणि लोणचं घेऊन उतारावर ठाण मांडलं. ऊन मरणाचं होतं. शेजारच्या कुटुंबानं थालीपीठ चाखून पाहिलं आणि लोणच्याबद्दल काही न बोलता पाणी प्यालं.

माझ्या पोराचा नंबर चाळीशीतला होता. तो मला लगेच सापडला आणि पाचेक मिनिटांतच मी थक्क झालो. आत्ता डाव्या टोकाला समोरच्याशी झोंबाझोंबी करत होता. मी वहीत दोन ओळी लिहून मान वर करतो तर हा पठ्ठ्या उजव्या टोकाला पास झेलतोय! इतक्या लांब तो गेला कधी? मी गार्डवर नजर ठेवण्याचं सोडून दिलं, कारण या पोरावर नजर ठेवणंच एक काम होऊन बसलं. मधूनच तो गडद जर्सीत दिसे, मधूनच फिक्या. घाम आला की बदलत असेल. आमच्या टीममधल्या काही जणांनी हे शिकण्यासारखं आहे, असं मला वाटून गेलं. दुपारपर्यंत वही भरली. परतीच्या वाटेवर गाडीत मी शीळ घालत होतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत अहवाल मोठ्यानं वाचायचा असतो. पंच म्हणून आमच्या हिशेब खात्यातल्या बाई. मायरन कोप या रेडिओवरच्या समालोचकानं १९७५ मध्ये पिवळे टॉवेल फिरवण्याची प्रथा पाडली, तेव्हाचा वडिलांचा टॉवेल बाईंनी घरी जपून ठेवलाय. त्यामुळे त्यांच्यापुढे अपील नाही. मी घसा साफ केला आणि सुरू केलं:

“जमेच्या बाजू. दमसास अफाट; मैदानाच्या दोन्ही टोकांना जवळपास एकाच वेळी हजर असतो. झेल पकडण्यात तरबेज. राहणी टापटीप, सरावातही जर्सी बदलतो.”

कुणीतरी चमचा खाली ठेवला.

“उण्या बाजू. धोरणात सातत्य नाही. कधी चेंडूवाल्याला खाली पाडतो, तर कधी स्वतःच चेंडू घेऊन पळत सुटतो. एकदा तर आपल्याच बाजूच्या लोकांना अडवताना दिसला. आपण नेमके कुणाकडून खेळतोय, याबाबत त्याच्या मनात स्पष्टता हवी. संवाद वाढवायला वाव आहे.”

टेबलावर शांतता पसरली. मला वाटलं, लेखनाचा परिणाम.

“गडद जर्सीत पाडत होता, का फिक्या?” बाईंनी विचारलं.

मी वही चाळली. गडद जर्सीत पाडत होता. फिक्या जर्सीत झेलत होता. प्रत्येक वेळी. पुढचं सांगायला त्यांना बराच वेळ लागला, कारण हसू आवरत नव्हतं. शिबिरात माणसं ९० आणि नंबर ० ते ९९. त्यात प्रत्येक जागेला ठरावीक नंबरच चालतात, शिवाय थोरामोठ्यांचे काही नंबर कुणाला द्यायचे नाहीत असा दंडक. मग नंबर पुरणार कसे? म्हणून शिबिरापुरता एकच नंबर दोघांना देतात, एक बचावातला आणि एक चढाईतला, आणि घोटाळा होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंच्या जर्सींचा रंग वेगळा ठेवतात. घोटाळा होऊ नये म्हणून! माझ्या अहवालातला निम्मा मजकूर एका टाईट एंडचा होता. त्याचं काम पास झेलणं आणि लाईनबॅकरला ढकलणं हेच असतं. म्हणजे उजव्या रकान्यात मी ज्यावरून त्याला धारेवर धरलं होतं, ते तो पगार घेऊन करत होता.

मी खाली ‘राहील’ असं लिहिलेलं होतं. दोन माणसांचे गुण एकत्र केल्यावर दुसरं काय लिहिणार?

ऑगस्टच्या अखेरीला यादी आली. लाईनबॅकरच्या हातात नारळ. टाईट एंडच्याही. मी निमूट पाकीट काढलं. पण दुसऱ्या दिवशी बातमी आली की लाईनबॅकरला संघानं सराव पथकात घेतलं. सराव पथक म्हणजे ५३ जणांच्या बाहेरची सोळाएक जणांची फळी. ही मंडळी आठवडाभर संघाबरोबर घाम गाळतात, पगार घेतात आणि वर बढती मिळाली नाही तर रविवारी सामन्यात खेळत नाहीत. मी टेबलावर मूठ आपटली. रोज कामावर येतो, पगार उचलतो, म्हणजे तो ‘राहिला’च! विरोधी पक्षाचं म्हणणं, ५३ म्हणजे ५३. अर्धा तास खडाजंगी झाली. त्यात मी आमच्या कंपनीतल्या तीन-चार जणांची उदाहरणं दिली, ती देण्याची गरज नव्हती. शेवटी बाईंनी निकाल दिला: अहवाल अर्धा बरोबर माणसाचा, माणूस अर्धा संघात, तेव्हा बिलही अर्धं. मी अर्धं बिल भरलं.

तर पिट्सबर्गकडे येणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. उन्हाळ्यात आलात तर एक सकाळ लॅट्रोबला जरूर काढा. सराव बघायला पैसे पडत नाहीत. टोपी न्या, पाणी न्या, लोणचं नेलंत तरी शेजाऱ्यांना देऊ नका. डाव सुरू होताना चेंडू सोडून गार्डच्या हाताकडे बघा, मजा वेगळीच आहे. आणि नंबर टिपण्याआधी जर्सीचा रंग टिपा.